चिथावणीचा हिशोब कोणी घ्यायचा? ६ जानेवारीमागचा कायद्याचा इतिहास

६ जानेवारी २०२१ ला ट्रम्प यांचं भाषण झालं, जमाव कॅपिटलमध्ये, म्हणजे अमेरिकन संसदेच्या इमारतीत घुसला, पोलिसांना मारहाण झाली, हे सगळ्या जगाने लाइव्ह बघितलं. तरी भाषण करणाऱ्याला शिक्षा का नाही, हे कळायला बरंच मागे जावं लागतं.

१९६९ मध्ये कू क्लक्स क्लॅनच्या एका नेत्याच्या केसमध्ये अमेरिकन सुप्रीम कोर्टाने ठरवलं की भाषण कितीही विखारी असो, लगेच बेकायदा कृत्य घडवायचा हेतू आणि ते घडण्याची दाट शक्यता, दोन्ही असेल तरच शिक्षा करता येईल. मला हा नियम आजही बरोबर वाटतो, नाहीतर उद्या कुठल्याही मोर्चातल्या वक्त्याला आत टाकतील.

खरी गोची दुसरीकडे आहे. एअर फोर्समध्ये खर्चावर नजर ठेवणारे अर्नेस्ट फिट्झगेराल्ड यांनी १९६८ मध्ये काँग्रेससमोर, म्हणजे अमेरिकन संसदेसमोर, सांगून टाकलं की सी-५ए या लष्करी मालवाहू विमानांचा खर्च सुमारे २ अब्ज डॉलरने वाढू शकतो, मग राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या काळात त्यांची नोकरी गेली, ते कोर्टात गेले आणि १९८२ मध्ये ५-४ ने निकाल आला की अधिकृत कामाबद्दल राष्ट्राध्यक्षाकडून भरपाई मागताच येणार नाही. म्हणजे खरं बोलणाऱ्या माणसाच्या केसमधून ही ढाल तयार झाली, हे फार लागतं मनाला. फौजदारी खटल्याचं काय, हा प्रश्न मात्र तसाच राहिला, कारण वॉटरगेट प्रकरणानंतर १९७४ मध्येच पुढचे राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी निक्सनला माफी देऊन टाकली होती.

२०२१ मध्ये ट्रम्प यांच्यावरच्या महाभियोगात, म्हणजे संसदेपुढच्या खटल्यात, चिथावणीचाच आरोप होता. सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, दोषी ठरवण्याच्या बाजूने ५७-४३ मतं पडली, लागत होती ६७. ट्रम्प यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे सिनेटमधले नेते मॅककॉनेल यांनी ट्रम्प नैतिकदृष्ट्या जबाबदार आहेत म्हटलं, पण मत त्यांना निर्दोष सोडण्याच्या बाजूने दिलं, वर म्हणाले की माजी राष्ट्राध्यक्षासाठी कोर्टं आहेतच. मग विशेष सरकारी वकील जॅक स्मिथ यांनी २०२३ मध्ये खटला भरला, त्यात निवडणुकीचा निकाल उलटवण्याच्या कटाचे आरोप होते, चिथावणीचं कलम नव्हतंच, आणि १ जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाने ६-३ ने अधिकृत कामांना फौजदारी संरक्षणही देऊन टाकलं. सिनेटने कोर्टाकडे बोट दाखवलं, कोर्टाने दारच अर्धं लावून घेतलं. ट्रम्प यांनी निवडणूक जिंकल्यावर खटलाही मागे घेतला गेला.

जखमी पोलीस आणि काही खासदारांचे ट्रम्प यांच्यावरचे भरपाईचे दावे मात्र या सगळ्यातूनही टिकले. २०२२ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी ते पुढे चालू दिले आणि डिसेंबर २०२३ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की उमेदवार म्हणून केलेलं भाषण हे राष्ट्राध्यक्षाचं अधिकृत काम नव्हे.