गॅस संपलाय की व्हॅक्यूम गळतोय?

घोडबंदर रोडवर गायमुखचा घाट चढताना एसीच्या मधल्या व्हेंटची हवा एकदम मंदावते आणि काचेकडे वळते. चढ संपला, ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, की पुन्हा तोंडावर यायला लागते. जुन्या पेट्रोल गाडीत असं होत असेल तर कृपा करून एसीचा गॅस भरायला जाऊ नका. गॅस कमी असता तर हवा घाटातही त्याच व्हेंटमधून आली असती, फक्त कोमट.

‘एसी लागत नाही’ एवढंच सांगितलं की बहुतेक ठिकाणी आधी गॅसच भरून देतात. म्हणून गॅरेजमध्ये शिरण्यापूर्वी एक गोष्ट स्वतः बघा: हवा गरम आहे, की थंड असून भलतीकडे जातेय?

१९९५ पासून पुण्यात जुळणी होऊ लागलेली मर्सिडीज डब्ल्यू १२४ घ्या. तिच्या डॅशबोर्डमागचे फ्लॅप, म्हणजे हवेची दिशा बदलणाऱ्या झडपा, व्हॅक्यूमवर म्हणजे इंजिनाच्या शोषणाच्या ओढीवर हलतात. इंजिनाकडून बारीक नळी येते, ती रबरी पडद्याला (डायफ्रॅम) ओढते आणि फ्लॅप फिरतो. व्हॅक्यूमच पोचला नाही तर बहुतेक गाड्यांत हवा आपोआप काचेकडे आणि पायांकडे जाते. हे मुद्दाम तसं केलेलं असतं, बिघाड झाला तरी काच धुरकट होऊन समोरचं दिसेनासं होऊ नये म्हणून. पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटर दाबून थ्रॉटल (हवेची झडप) उघडला की मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला, व्हॅक्यूम पडतो. तेवढ्या वेळापुरता साठा धरायला सोसायटीच्या टाकीसारखी एक छोटी टाकी आणि चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने उघडणारी झडप) असतो. कुठे गळती असेल तर हा साठा घाटात टिकत नाही.

डिझेलमध्ये व्हॅक्यूमसाठी वेगळा पंप असतो, त्यामुळे चढाची खूण तिथे चालत नाही. मात्र त्या काळच्या मर्सिडीज डिझेलमध्ये इंजिन बंद करायचं कामही व्हॅक्यूमकडेच असतं. किल्ली फिरवल्यावरही इंजिन धडधडत राहिलं तर गळतीचा संशय पक्का धरा.

पावसाळ्यात आणखी एक खूण मिळते, आणि ती मला सगळ्यांत भरवशाची वाटते. थंड हवा काचेवर येत राहिली की दमट हवेमुळे काच बाहेरून धुरकटते. वायपर मारला की साफ, थोड्या वेळाने पुन्हा तेच. म्हणजे थंडावा तयार होतोय, तो तुमच्यापर्यंत येत नाही एवढंच.

गॅसच्या गळतीच्या खुणा निराळ्या. कॉम्प्रेसरचा क्लच सारखा टकटक करत लागतो-सुटतो. पाइपच्या जोडावर तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसतो, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर येतं. गेज (प्रेशर मोजायचे काटे) लावल्यावर गॅसच्या लाइनच्या दोन्ही बाजूंचं प्रेशर कमी भरतं. व्हॅक्यूमच्या गळतीत हीच गेज एकदम ठीक दिसतात. ठीक असलेल्या लाइनमध्ये वर गॅस ओतला तर थंडावा उलट कमी होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. शिवाय आर-१३४ए हा एसीचा गॅस हवेत सोडणं म्हणजे तेवढ्याच कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त पृथ्वीचं तापमान वाढवणं.

गॅस भरण्याआधी मेकॅनिक लाइनला व्हॅक्यूम मारून तो टिकतो का बघतो. ‘व्हॅक्यूम ओके आहे’ असं तो म्हणाला तर ते फक्त गॅसच्या लाइनबद्दल असतं, फ्लॅपच्या नळ्या त्यात येत नाहीत.

एक जागा खरोखर फसवी आहे. काही गाड्यांत हीटरचा पाण्याचा व्हॉल्व्हही व्हॅक्यूमनेच बंद राहतो. गळती झाली की तो उघडतो, गरम पाणी आत फिरतं आणि गॅस पूर्ण असूनही हवा कोमट येते. एसी फुल थंडवर ठेवा आणि हीटरच्या दोन्ही होजना कपड्याआडून हात लावा. दोन्ही तापलेल्या असतील तर गॅसच्या आधी हा व्हॉल्व्ह तपासायला सांगा.

गळती शोधायला हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप पुरतो. एकेक नळी सोडवायची, १५ ते २० इंच पाऱ्याइतका व्हॅक्यूम द्यायचा आणि काटा मिनिटभर जागेवर राहतो का ते बघायचं. सुरुवात इंजिनाजवळच्या रबरी एल्बोपासून करा. उष्णतेने ते कडक होऊन तडकतात आणि बदलायलाही स्वस्त असतात. डायफ्रॅमच फाटला असेल तर बऱ्याचदा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. तोवर त्या एकाच नळीत घट्ट बसणारा स्क्रू घालून ती बंद केली तर बाकीचे फ्लॅप चालू लागतात. बंद केलेली नळी रिसर्क्युलेशनची (आतलीच हवा फिरवणाऱ्या फ्लॅपची) असेल तर बाहेरची हवा येतच राहील आणि मे महिन्यात गाडी थंड व्हायला जरा वेळ लागेल.