बिडाचा तवा की पत्र्याचा?

भांड्यांच्या दुकानात 'लोखंडी तवा दाखवा' म्हटलं की समोर दोन तवे येतात. दोन्ही काळे, दोन्ही तेलकट. एक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, दुसरा लोखंडी पत्र्याचा. किमतीत फरक असतो, आणि दुकानदाराला विचारलं तर 'दोन्ही चांगलेच आहेत' हे ठरलेलं उत्तर मिळतं. चांगले आहेत हे खरं, पण वेगवेगळ्या कामांसाठी.

ओळखायला सोपं आहे. कडेवरून बोट फिरवा. बिडाची कड चांगली चार-पाच मिलिमीटर जाड लागते, पृष्ठभाग थोडा खरखरीत असतो आणि कान किंवा दांडा बहुधा तव्याबरोबरच ओतलेला असतो. पत्र्याच्या तव्याला दांडा रिवेट मारून किंवा वेल्डिंग करून जोडतात. तरी शंका असेल तर तवा त्याच्या कानाला किंवा दांड्याला धरून बोटाच्या पेराने वाजवा. पत्रा खणखणतो, बिडाचा आवाज बद्द येतो.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. वितळवून साच्यात ओतलेलं. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांमध्ये इंजिनाचे आणि पंपाचे भाग ओततात, त्याच जातीचं. त्यात कार्बन साधारण २ ते ४ टक्के असतो. पत्र्याच्या लोखंडात तो पाव टक्क्याच्याही आत. एवढ्या कार्बनमुळे बीड ठिसूळ होतं, म्हणून ते जाडच ठेवावं लागतं. 'बीड उष्णता धरून ठेवतं' असं जे सगळे म्हणतात, ते या जाडीमुळे. किलोला किलो लावलं तर दोन्ही लोखंडं जवळपास सारखीच उष्णता धरतात. बिडाच्या तव्यात मुळात लोखंडच जास्त असतं, इतकंच.

स्वयंपाकात मात्र या जाडीने बराच फरक पडतो. घावन किंवा आंबोळी घालताना गार पीठ तव्यावर पडतं. पातळ पत्रा तिथल्या तिथे थंड होतो आणि पीठ चिकटतं, मग उलथनं घेऊन खरवडत बसायचं. बिडाला तेवढा धक्का जाणवत नाही. घावनाला जाळी पडते, कडा आपोआप सुटतात. थालीपिठालाही बीडच. भोकांत तेल सोडून, झाकण ठेवून मंद आचेवर ते निवांत खरपूस होतं.

भाकरीचं गणित उलटं आहे. वरून पाणी फिरवायचं, उलटायची, आणि मग बऱ्याच घरांत तवा बाजूला काढून भाकरी थेट जाळावर फुगवायची. दर भाकरीला दोन-अडीच किलोचं बीड उचलणार कोण? शिवाय आच कमी-जास्त केली तर पत्रा लगेच ऐकतो, बीड मात्र आपल्या तंद्रीत तापतच राहतं आणि चौथी भाकरी करपते. रोज भाकरी-पोळी होणाऱ्या घरात एकच तवा घ्यायचा असेल तर मी पत्र्याचाच घेईन, फक्त जाडसर बघून. बिडाचा दुसरा म्हणून यावा.

दोघांचं मोडणंही वेगळं. तापलेल्या बिडावर गार पाणी ओतलं किंवा ते फरशीवर पडलं तर तडा जातो, आणि तो घरी सांधता येत नाही. पत्रा तडकत नाही, पण त्याला पोक येतो. बाकी देखभाल सारखीच: धुतल्यावर लगेच कोरडा करून आचेवर ठेवायचा आणि तेलाचा हलका हात फिरवायचा. चिंच-कोकमाची आमटी मात्र या दोन्ही लोखंडांच्या कढईतही उकळू नये. आंबटाने तेलाचा बसलेला थर निघतो आणि आमटी काळपट होते.

आता शेगडी. गॅसवर दोन्ही चालतात. इंडक्शनवरही दोन्ही चालायला हवेत, कारण दोन्हींना चुंबक चिकटतं. पण इंडक्शनला तळ सपाट लागतो. भाकरीचा पारंपरिक खोलगट तवा काचेवर डुगडुगतो, नुसत्या मध्यावर टेकतो, आणि कधी कधी शेगडी भांडं नसल्यासारखी बंद पडते. पोक आलेल्या पत्र्याचंही तेच. बिडाचा सपाट तवा तिथे छान बसतो. मात्र लोखंडातून उष्णता ॲल्युमिनियमइतकी झपाट्याने पसरत नाही. पहिल्यापासून पूर्ण पॉवर लावली तर मधलं घावन करपतं आणि कडेचं कच्चं राहतं. चार-पाच मिनिटं कमी पॉवरवर तापू द्यावा, मग वाढवावी. आणि तवा हलवताना उचलूनच हलवावा. बिडाचा खरखरीत तळ काचेवर ओढला की ओरखडे उठतात, आणि ते जात नाहीत.