जाड, चकचकीत थर दिला की बर्फाची भीती नाही?

‘अंगणातल्या काँक्रीटवर चकचकीत सीलरचे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या लेपाचे, दोन-तीन जाड हात मारा, मग बर्फातही तडा जाणार नाही’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. मनालीकडे घर बांधणारे पुणेकरही तो मनापासून पाळतात. काळजी रास्त आहे, उपाय मात्र तपासून घ्यायला हवा.

काँक्रीट नुसत्या थंडीने फुटत नाही. त्याच्या बारीक छिद्रांत पाणी शिरतं आणि गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. दिवसा वितळायचं, रात्री गोठायचं, असं हिवाळाभर चाललं की वरचे पापुद्रे सुटतात. पाणी फक्त वरून येत नाही, जमिनीतूनही ओल चढते, आणि जाड थर नेमकी तीच आत कोंडतो. म्हणून अशा ठिकाणी आत मुरणारा, सिलेन-सिलॉक्सेन जातीचा सीलर बरा. तो पाणी अडवतो, पण वाफ बाहेर जाऊ देतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मुळात काँक्रीट ओततानाच त्यात सूक्ष्म हवेचे बुडबुडे राखणारं रसायन हवं, आणि पाणी वाहून जाईल असा उतार.

सीलर लावण्याआधी दीड फुटी प्लास्टिक चारही कडांनी चिकटवून १६ तास ठेवा. खाली दव किंवा काळपट डाग दिसला, तर ओल आहे, थांबा. आधी सीलर लावलेला असेल, तर पेलाभर पाणी ओता. थेंब गोळा झाले तर ठीक, काँक्रीट गडद झालं तर पुन्हा लावायची वेळ आली.

पुण्यात पारा शून्याखाली जात नाही. इथल्या गच्चीचा प्रश्न पावसाच्या गळतीचा, तो वेगळा.