एअर इंडिया इमारत: भरावावरचे २३ मजले

नरिमन पॉइंटची एअर इंडियाची इमारत महाराष्ट्र सरकारने १,६०१ कोटी रुपयांना विकत घेण्याच्या व्यवहाराला मार्च २०२४ मध्ये केंद्राने मंजुरी दिली. त्या वेळी बातम्या आकड्याच्याच झाल्या. गंमत दुसरीकडेच होती. इमारत ज्या जमिनीवर उभी आहे ती जमीन राज्य सरकारचीच. एअर इंडियाकडे ती भाडेपट्ट्याने होती आणि त्यापोटी सरकारचं येणं थकलेलंही होतं. म्हणजे जागामालकाने आपल्याच जागेवरचं घर भाडेकरूकडून विकत घेतलं. हा उलटा व्यवहार समजून घ्यायचा तर इमारतीच्या आधी जमिनीकडे बघावं लागतं, कारण शंभर वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता.

बॅकबे, म्हणजे आजच्या मरीन ड्राइव्हसमोरचा उपसागर, भरून काढायचं खूळ मुंबईला पहिल्यांदा लागलं ते अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे. तिकडचा कापूस थांबला, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मुंबईचा कापूस लागला आणि शहरात पैशाचा पूर आला. त्या पैशातून निघालेल्या बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला. प्रेमचंद रायचंद हे या सट्ट्याचे अनभिषिक्त राजे. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि कंपनी बुडाली. हाती लागली ती जेमतेम रेल्वेचे रूळ टाकण्यापुरती पट्टी. चर्चगेटची गाडी आजही त्याच पट्टीवरून धावते.

दुसरा प्रयत्न सरकारी होता. १९२० च्या दशकात गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी कुलाब्यापर्यंतचा सगळा उपसागर भरून ११४५ एकर जमीन काढायची योजना आखली. कांदिवलीच्या खाणीतला दगड आणून समुद्रात भिंत घातली, बंदराच्या बाजूचा गाळ उपसून तो नळांतून भिंतीच्या आत सोडायला सुरुवात केली. भिंतीत फटी राहिल्या होत्या. आत टाकलेला गाळ ओहोटीबरोबर बाहेर जायचा, पुन्हा गाळ टाकायचा, पुन्हा तो वाहून जायचा. खर्च मात्र वाहून न जाता वाढत राहिला. लोक या योजनेला ‘लॉइडसाहेबांचा मूर्खपणा’ म्हणू लागले.

यातला भ्रष्टाचार चव्हाट्यावर आणला तो वीर नरिमन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खुर्शेद नरिमन या तरुण पारशी वकिलाने. योजनेवरच्या हार्वे नावाच्या इंजिनीअरने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला, त्यातून नरिमन निर्दोष सुटले. पुढे ते मुंबईचे महापौरही झाले. ज्या भरावाविरुद्ध ते लढले, त्याच भरावाच्या टोकाला पुढे त्यांचं नाव देण्यात आलं. असले विनोद मुंबई अगदी सहज करते. लॉइड यांच्या योजनेत भरावाचे आठ तुकडे, म्हणजे ब्लॉक, होते. त्यांतले चारच तेव्हा पुरे झाले. पहिल्या दोनांमुळे मरीन ड्राइव्ह आणि चर्चगेटच्या इमारती आल्या, सातवा-आठवा कुलाब्याकडे गेला. मधले तीन ते सहा तसेच पाण्यात राहिले.

त्या राहिलेल्या भागाला स्वातंत्र्यानंतर पुन्हा हात लागला. फोर्टमध्ये जागा उरली नव्हती आणि कंपन्यांना ऑफिसं हवी होती. साठच्या दशकात भराव वाढला आणि भूखंड भाडेपट्ट्याने जाऊ लागले. नरिमन पॉइंटच्या ठळक इमारती बघता बघता चार-पाच वर्षांत उभ्या राहिल्या. जोसेफ स्टाइन यांचा २५ मजली एक्स्प्रेस टॉवर्स १९७२ चा, त्याच्या पाठोपाठ ओबेरॉय टॉवर्स हॉटेल आणि १९७४ मध्ये एअर इंडिया. भूखंड स्वस्तात वाटल्याच्या आरोपावरून प्रकरण न्यायालयातही गेलं. दाद मागायला गेले ते खासदार पिलू मोदी, जे पेशाने वास्तुरचनाकार होते आणि ज्यांनी ओबेरॉय टॉवर्सचा आराखडा केला होता.

एअर इंडियाच्या इमारतीचा आराखडा न्यूयॉर्कच्या जॉन बर्जी यांचा. २३ मजले आणि खाली दोन तळघरं. वास्तू म्हणून ती फार देखणी आहे असं मला कधी वाटलं नाही. तिचा रुबाब जागेचा. मरीन ड्राइव्हची कमान जिथे संपते तिथे, तोंड समुद्राकडे आणि माथ्यावर लाल अक्षरांत कंपनीचं नाव. अध्यक्षपदी जे. आर. डी. टाटा होते. जंबो जेट १९७१ मध्येच ताफ्यात आलं होतं आणि कंपनीची ऐट परदेशी कंपन्यांच्या तोडीची होती. बी. प्रभा, गायतोंडे, हुसेन यांची चित्रं कंपनीने विकत घेतली होती ती याच ऐटीत. मुंबईत राहणाऱ्याला विमानात बसायचा योग येवो न येवो, ती पाटी मात्र चौपाटीवर भेळ खाताना फुकट दिसायची.

१२ मार्च १९९३ च्या साखळी बॉम्बस्फोटांतला एक स्फोट या इमारतीत झाला. पोर्चजवळ उभ्या केलेल्या मोटारीत स्फोटकं होती. इथे २० माणसं गेली, शहरभरात २५७. इमारत उभी राहिली, दुरुस्त झाली, ऑफिसं पुन्हा भरली.

कंपनीचीच तब्येत पुढे बिघडत गेली. २०१३ मध्ये मुख्यालय दिल्लीला हललं आणि रिकामे मजले भाड्याने देऊन कर्जाला थोडा हातभार लावायचा बेत झाला. जानेवारी २०२२ मध्ये विमान कंपनी टाटांकडे परत गेली, पण इमारत त्या सौद्यात नव्हती. ती केंद्राने वेगळ्या सरकारी कंपनीकडे ठेवली होती. राज्य सरकारचा तिच्यावर डोळा आधीपासूनच होता. २०१२ च्या आगीनंतर मंत्रालयातल्या जागेची टंचाई उघडी पडली होती, खाती इकडेतिकडे भाड्याच्या जागांत विखुरलेली होती आणि ही इमारत चालत जाण्याच्या अंतरावर.

सोय कळते. पण याच नरिमन पॉइंटमुळे एक वेगळी योजना जन्माला आली होती, तिची आठवण यानिमित्ताने कुणी काढलेली मी वाचली नाही. १९६५ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता व इंजिनीअर शिरीष पटेल या तिघांनी मांडलं होतं की बेटाच्या दक्षिण टोकाला आणखी ऑफिसं कोंबली तर रोज सकाळी सगळं शहर एकाच दिशेने धावत राहील. त्यापेक्षा खाडीपलीकडे नवं शहर वसवा आणि राज्याचा कारभारच तिकडे न्या, म्हणजे बाकीचे आपोआप मागून येतील. १९७० मध्ये हे नवं शहर वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली, नवी मुंबई वसली, बेलापूरला सरकारी कचेऱ्यांचं कोकण भवनही उभं राहिलं. मंत्रालय मात्र जागचं हललं नाही. ज्यांनी आधी जायचं होतं त्यांनीच आता नरिमन पॉइंटला २३ मजले जास्तीचे घेतले आहेत. टोकापर्यंत पोहोचायच्या अडचणीवर उतारा म्हणून भुयारी मेट्रोचं विधान भवन स्थानक २०२५ मध्ये सुरू झालं, त्या तिघांच्या सूचनेनंतर साठ वर्षांनी.