हात मोकळे, मन गुंतलेलं

एसटीच्या जुन्या लाल गाडीत चालकाच्या पाठीमागे एक सूचना रंगवलेली असायची : वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये. लहानपणी ती वाचताना वाटायचं, बोललं तर काय बिघडतं? हात स्टिअरिंगवर आहेत, पाय ब्रेकवर आहे, तोंड तर रिकामंच आहे. पुढे गाडी चालवताना मोबाइल वापरण्यावरून जगभर जो वाद झाला, तो याच प्रश्नाभोवती फिरत राहिला. बोलायला हात लागत नाहीत, मग बोलणं धोक्याचं कसं? या प्रश्नाला विज्ञानाने पहिलं उत्तर दिलं, तेव्हा खिशात मावणारा फोन जन्मालाही आला नव्हता.

फोन आधी गाडीत आला आणि नंतर हातात, हे आज चटकन लक्षात येत नाही. १७ जून १९४६ रोजी अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात गाडीतून पहिला व्यावसायिक फोन लागला. यंत्रणेचं वजन छत्तीस किलोच्या आसपास होतं आणि कॉल ऑपरेटरमार्फत जोडला जायचा. म्हणजे फिरता फोन ही वस्तू मुळात चालकासाठीच घडवली गेली. तिचा धोकाही ती घडवणाऱ्यांपैकी काहींना दिसला होता. ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभं राहून हातातल्या मोबाइलवरून पहिला कॉल करणारे मोटोरोलाचे मार्टिन कूपर यांनी त्याच्या कितीतरी आधी, साठच्या दशकात, मिशिगन राज्याच्या एका आयोगापुढे साक्ष दिली होती. गाडी चालू असताना नंबर फिरवता येऊ नये म्हणून डायलला कुलूप असावं, असं आपण तिथे सुचवलं होतं, हे त्यांनी पुढे सांगितलं. ते कुलूप काही आलं नाही.

या विषयातला पहिला मोठा प्रयोग १९६९ सालचा, केंब्रिजचा. मानसशास्त्रज्ञ इव्हान ब्राऊन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २४ पुरुष चालकांना खरी गाडी चालवायला दिली. वाटेत ठिकठिकाणी दोन अडथळ्यांमध्ये फटी ठेवल्या होत्या. काही फटींतून गाडी सहज गेली असती, काही गाडीपेक्षाही अरुंद होत्या. फट बघायची आणि घुसायचं की टाळायचं ते ठरवायचं. त्याच वेळी फोनवरून छोटी छोटी वाक्यं ऐकू येत, ती बरोबर की चूक ते सांगायचं. आपल्याकडे तसं वाक्य करायचं तर असं होईल : ‘क’ हा ‘ख’च्या मागे आहे – खक. बरोबर की चूक?

उत्तर देण्याआधी वाचकाचं मन इथे क्षणभर थबकलं असेल. गाडीतल्या चालकाचंही नेमकं तेवढंच थबकत होतं. स्टिअरिंग सांभाळणं, गाडी रेषेत ठेवणं या अंगवळणी पडलेल्या कामांत फार फरक दिसला नाही. चुकला तो अंदाज. ज्या फटीतून गाडी जाणं शक्यच नव्हतं, तिच्याबाबतचे निर्णय फोनवर असताना बिघडले. सवयीचं काम हात करत राहतात. बघून ठरवण्याचं काम मात्र डोक्याचं, आणि डोकं दुसरीकडे गेलं की तेच आधी ढासळतं, असा याचा अर्थ. मला या सगळ्या इतिहासात हा प्रयोग सर्वात महत्त्वाचा वाटतो. पुढच्या पन्नास वर्षांत जे पुन्हा पुन्हा सिद्ध करावं लागलं, त्याचा गाभा इथे आधीच हाती आला होता.

पण तेव्हा गाडीत फोन असणारे लोक मोजकेच. प्रश्न लोकांपर्यंत पोहोचायला नव्वदचं दशक उजाडलं. आपल्याकडे ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना मोबाइलवरून फोन केला आणि देशात ही सेवा सुरू झाली. तेव्हा आलेल्या कॉललाही पैसे पडायचे, त्यामुळे लोक रस्त्यात बोलत बसत नसत. दर उतरले आणि काही वर्षांतच मान वाकडी करून खांद्याशी फोन दाबलेला स्कूटरवाला, हेल्मेट आणि कान यांच्या फटीत फोन खुपसलेला बाइकस्वार ही आपल्या चौकाचौकातली रोजची दृश्यं झाली.

१९९७ च्या फेब्रुवारीत ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये टोरांटोचा अभ्यास छापून आला आणि चर्चेला पहिल्यांदा ठोस आकडे मिळाले. डॉक्टर डोनाल्ड रेडेलमायर आणि संख्याशास्त्रज्ञ रॉबर्ट टिबशिरानी यांच्यापुढे अडचण साधी होती. फोन वापरणारे आणि न वापरणारे चालक यांची तुलना केली, तर कुणीही म्हणणार की फोन वापरणारा माणूस मुळातच घाईचा, बेफिकीर असेल. म्हणून त्यांनी प्रत्येक चालकाची तुलना त्याच्याशीच केली. मोबाइल असलेले आणि अपघात झालेले, पण जखमी न झालेले ६९९ चालक घेतले, त्यांच्या फोनबिलांतले चौदा महिन्यांतले २६,७९८ कॉल तपासले. अपघाताच्या आधीच्या दहा मिनिटांत किती जण फोनवर होते? १७०. आदल्या दिवशी त्याच वेळेला? ३७. आदल्या दिवशी तो माणूस गाडी चालवतच नसेल, ही शक्यता जमेस धरूनही फोनवर असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट निघाला.

हातात न धरता वापरायचे फोनही त्यात होते, आणि ते अधिक सुरक्षित असल्याचं दिसलं नाही. लेखकांनी दुसरी बाजूही लपवली नाही : यांपैकी ३९ टक्के चालकांनी अपघातानंतर त्याच फोनवरून मदत मागवली होती. २००५ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये अपघातानंतर रुग्णालयात आलेल्या ४५६ चालकांवर याच पद्धतीने काम झालं. तिथेही धोका चौपट आणि हँड्स-फ्रीचा फायदा नाही, असंच निघालं.

असं का होतं, याचा सर्वात चिकाटीने पाठपुरावा युटा विद्यापीठातल्या डेव्हिड स्ट्रेयर यांनी केला. २००१ च्या त्यांच्या प्रयोगात फोनवर बोलणाऱ्यांकडून सुटणाऱ्या सिग्नलचं प्रमाण दुपटीहून वाढलं आणि जे दिसले त्यांनाही प्रतिसाद उशिरा मिळाला. रेडिओ ऐकताना मात्र असं झालं नाही. म्हणजे कानात आवाज पडणं हे कारण नव्हतं, संभाषणात सहभागी होणं हे होतं. २००३ मध्ये त्यांच्या गटाने चालकांची नजर कुठे जाते ते टिपणारं यंत्र लावलं. रस्त्याकडेच्या फलकांवर नजर पडत होती, पण फोनवर बोलणाऱ्यांना नंतर विचारलं, तर त्यातले बरेच फलक आठवत नव्हते. डोळ्यांनी पाहिलं, मनाने घेतलं नाही.

हे वाचलं तेव्हा मला एक रात्र आठवली. साताऱ्याहून पुण्याला एकटा येत होतो. वडील रुग्णालयात होते आणि भावाशी ब्लूटूथवर बोलणं चाललं होतं. ऑपरेशन उद्याच करायचं की थांबायचं, पैशांची सोय कशी लावायची. दोन्ही हात स्टिअरिंगवर, वेग साठ-पासष्ट, मोटारचालनाच्या शाळेत शिकवतात तसा. फोन ठेवला तेव्हा शिरवळचे दिवे दिसत होते. खंबाटकीचा बोगदा मागे पडला होता. बोगद्यातून बाहेर पडल्यावरचं ते कुप्रसिद्ध एस वळणही मीच घेतलं होतं, आणि त्यातलं काहीही मला आठवत नव्हतं. पुढे ट्रक होता का, माझ्या मागे कोण होतं, मी वेग कमी केला होता का, काहीच नाही. गाडी बाजूला घेऊन दहा मिनिटं नुसता बसून राहिलो.

२००६ साली स्ट्रेयर यांच्या गटाने ४० जणांना तीनदा सिम्युलेटरवर बसवलं : एकदा साधंच, एकदा फोनवर बोलताना, एकदा संत्र्याच्या रसातून व्होडका देऊन, रक्तातल्या मद्याचं प्रमाण अमेरिकेतल्या ०.०८ टक्के या मर्यादेपर्यंत नेऊन. प्यायलेले चालक आक्रमक झाले, पुढच्या गाडीच्या जवळ जाऊन जोरात ब्रेक मारू लागले. फोनवरचे चालक मंदावले. त्यांचा ब्रेक ९ टक्के उशिरा लागला, पुन्हा वेग पकडायला १९ टक्के जास्त वेळ लागला. त्या सगळ्या फेऱ्यांत तीन गाड्या पुढच्या गाडीवर आदळल्या आणि तिन्ही फोनवर बोलणाऱ्यांच्या होत्या. आणखी दोन वर्षांनी कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या मार्सेल जस्ट यांनी २९ जणांना मेंदूचा आलेख काढणाऱ्या यंत्रात झोपवून आभासी गाडी चालवायला लावली आणि काही वाक्यं ऐकून ती खरी की खोटी ते ठरवायला सांगितलं. हा तर जवळजवळ १९६९ चाच खेळ. मेंदूतल्या, जागेचं भान ठेवणाऱ्या भागाची गाडी चालवण्याशी निगडित हालचाल ३७ टक्क्यांनी घटली.

मग शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणं तितकंच वाईट का? एसटीतली ती सूचना हेच सांगत होती ना? युटातच २००८ मध्ये याची परीक्षा झाली. चालकाला महामार्गावरून ठरलेल्या फाट्याला बाहेर पडायचं होतं. फोनवर मित्राशी बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांचा फाटा चुकला. मित्र शेजारी बसलेला असताना १२ टक्क्यांचाच. घाटात गाडी चढवताना शेजारी बसलेली आई काय करते ते आठवून पाहा. वळणावर समोरून ट्रक आला की ती वाक्य अर्ध्यात सोडते, कधी ‘हळू रे’ म्हणते, आणि वळण गेलं की तिथूनच पुढे बोलू लागते. फोनच्या पलीकडच्या माणसाला ते वळण दिसत नाही. तो बोलतच राहतो आणि वर विचारतो, ‘ऐकतोयस ना?’

संदेश टाइप करण्याबद्दल फार वाद कधी झालाच नाही, कारण तिथे डोळेच रस्त्यावरून उठतात. व्हर्जिनिया टेकच्या वाहतूक संस्थेने ट्रकांत कॅमेरे बसवून केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. संदेश टाइप करणाऱ्या ट्रकचालकाला अपघात किंवा तो थोडक्यात टळण्याचा धोका २३ पट होता, आणि अशा प्रसंगांत सहा सेकंदांपैकी सरासरी ४.६ सेकंद त्याची नजर रस्त्यावर नव्हती. ताशी ऐंशीच्या वेगाने तेवढ्यात गाडी शंभर मीटर जाते.

सगळे अभ्यास एकाच दिशेने बोलतात असं मात्र नाही, आणि ते सांगितलंच पाहिजे. सौरभ भार्गव आणि विक्रम पाठानिया या अर्थशास्त्रज्ञांनी एक सुरेख युक्ती केली. अमेरिकेत त्या काळी रात्री नऊनंतर कॉल फुकट असायचे, त्यामुळे नऊच्या ठोक्याला चालकांचे कॉल सात टक्क्यांनी वाढत. अपघातही त्याच ठोक्याला वाढतात का, हे त्यांनी २००२ ते २००५ च्या नोंदींवरून पाहिलं. वाढ दिसली नाही. खऱ्या रस्त्यावर कॅमेरे लावून झालेल्या अभ्यासांतही नुसत्या बोलण्याचा धोका चौपटीहून कमी भरतो. २०१६ च्या एका मोठ्या अभ्यासात फोन हातात धरून बोलण्याचा धोका दुपटीच्या थोडा वर निघाला, नंबर लावण्याचा मात्र बारा पट. माझ्या मते यामुळे बोलणं निर्धोक ठरत नाही. चालक बोलताना वेग कमी करतो, अंतर वाढवतो आणि बहुतेक वेळा निभावून नेतो. ज्या एका क्षणी समोर पोर धावत येतं, तिथे ही सावधगिरी पुरेलच असं नाही.

कायद्यांनी मात्र पहिल्यापासून हाताकडेच पाहिलं. जपानने १९९९ मध्ये, न्यूयॉर्क राज्याने २००१ मध्ये, ब्रिटनने डिसेंबर २००३ मध्ये फोन हातात धरण्यावर बंदी आणली. हातात फोन पोलिसाला दिसतो, मनातलं संभाषण दिसत नाही. त्यामुळे हे समजण्यासारखं आहे. पण त्यातून हँड्स-फ्री म्हणजे सुरक्षित अशी समजूत रुजली, आणि ती संशोधनाच्या अगदी उलट होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने ती मोडण्याचा एक प्रयत्न केला. २०१० मध्ये मिसुरी राज्यात ग्रे समिट इथे, म्हणजे १९४६ चा तो पहिला फोन लागला त्या सेंट लुईसपासून फार लांब नाही, एक पिकअप, एक ट्रक आणि दोन शाळेच्या बस एकमेकांवर आदळल्या. दोघांचा जीव गेला, ३८ जण जखमी झाले. पिकअपच्या १९ वर्षांच्या चालकाने त्याआधीच्या अकरा मिनिटांत अकरा संदेश पाठवले किंवा घेतले होते. डिसेंबर २०११ मध्ये मंडळाने शिफारस केली : चालकाला हँड्स-फ्रीसकट सगळंच बंद करा. सर्व चालकांसाठी ती एकाही राज्याने स्वीकारली नाही.

आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात फोनचा उल्लेख असण्याचं कारणच नव्हतं. पोलीस धोकादायक वाहन चालवण्याच्या कलमाचा आधार घ्यायचे. २०१८ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने म्हटलं की, लोकांच्या जिवाला धोका झाला नसेल तर गाडी चालवताना नुसतं फोनवर बोलणं हा पोलीस कायद्याखाली गुन्हा ठरत नाही. ही फट १ सप्टेंबर २०१९ पासून बुजली. सुधारित कलम १८४ मध्ये हातात धरायच्या संपर्कसाधनांचा वापर धोकादायक वाहन चालवण्यात मोजला गेला. दंड वाढल्यामुळे महाराष्ट्राने हा कायदा लगेच लागू केला नाही. वाढीव दंड इथे डिसेंबर २०२१ मध्ये आले. ऑक्टोबर २०२० पासून रस्ता शोधण्यासाठी फोन वापरायला नियमाने मुभा मिळाली, लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने.

‘हातात धरायची’ हे शब्द या कायद्यातही आहेतच. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात अपघातांची वर्गवारी असते : अतिवेग, मद्यपान, चुकीच्या बाजूने गाडी, सिग्नल तोडणं, मोबाइलचा वापर. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या रकान्यात पडले आणि मोबाइलच्या रकान्यात सुमारे दोन टक्के. पंचनाम्यात रस्त्याची रुंदी येते, ब्रेकच्या खुणांची लांबी येते, काच कुठवर उडाली ते येतं. चालकाचा फोन त्याच्या खिशातच असेल आणि बोलणं ब्लूटूथवर चाललं असेल, तर लिहिण्यासारखं तिथे काही सापडत नाही.