जीव जाईपर्यंत भांडायचं कुणाला परवडतं?

नागपूरच्या पेपरांत एक बातमी अधूनमधून येतेच: दोन वाघांच्या झुंजीत एकाचा मृत्यू. कधी पेंच, कधी उमरेड-कऱ्हांडला, कधी ताडोबालगतचं एखादं वनपरिक्षेत्र. मानेवर सुळ्यांच्या खुणा, शवविच्छेदन, सगळे अवयव शाबूत असल्याची नोंद. वाचणाऱ्याला वाटतं, जंगलात हे रोजचंच असणार. तसं नाही. एकमेकांच्या हद्दीला खेटून राहणारे नर वर्षानुवर्षं एकमेकांना टाळतात, गाठ पडली तरी बहुतेक वेळा गुरगुरण्यावर आणि दात दाखवण्यावर भागतं. रानगव्यालाही लोळवू शकणारं जनावर आपल्याच जातीच्या प्रतिस्पर्ध्यासमोर एवढा हात का आखडतं, खरा प्रश्न हा आहे.

यावर जुनं उत्तर असं होतं की प्राणी जातीच्या भल्यासाठी आवरतं घेतात. सगळेच जीव घेऊ लागले तर जात बुडेल, म्हणून निसर्गानं लगाम घातला. कोन्राड लोरेन्झसारख्या नामांकित शास्त्रज्ञानं अशी मांडणी केल्यामुळे ती लोकांच्या मनात चांगलीच रुजली. ऐकायला गोड आहे, पण तिच्यात भलंमोठं भोक आहे. समजा, सगळं जंगल समजूतदार आहे आणि त्यात एकच दांडगट जन्मला. बाकीचे जातीचं भलं बघत बाजूला होतील, मादी आणि जागा दोन्ही त्याला मिळतील. पिल्लं त्याचीच जास्त होणार आणि ती बापावर जाणार. काही पिढ्यांत समजूतदारांचा मागमूस उरणार नाही. म्हणजे लगाम असलाच, तर तो लढणाऱ्याच्या स्वतःच्या फायद्यातूनच यायला हवा.

हे गणित मांडणारी जोडी मोठी विजोड होती. जॉर्ज प्राइस हा रसायनशास्त्र शिकलेला अमेरिकन, १९६७ साली लंडनला आला. हरणांना एवढी मोठी शिंगं असून ती एकमेकांना मारत का नाहीत, यावर त्यानं एक लांबलचक लेख ‘नेचर’ या नियतकालिकाला धाडला. तपासायला तो गेला जॉन मेनार्ड स्मिथ यांच्याकडे. हे गृहस्थ आधी विमानांचे इंजिनिअर, मग जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांचे विद्यार्थी. हॉल्डेन म्हणजे तेच, जे १९५७ साली इंग्लंड सोडून कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले. मेनार्ड स्मिथनी लेख छोटा करायला सांगितलं, प्राइसनं तो कधी केलाच नाही. शेवटी दोघांनी मिळून लिहिलं आणि १९७३ साली ‘नेचर’मध्येच ते छापून आलं.

त्यातून पुढे आलेलं सर्वांत सोपं गणित बघू. एकाच जातीत दोन स्वभाव आहेत असं धरा. एकाला ससाणा म्हणू: तो थेट भिडतो आणि जखमी होईपर्यंत हटत नाही. दुसरा पारवा: तो ऐट दाखवतो, पण समोरचा भिडायला आला की नागपुरी भाषेत ‘जाऊ दे ना बे’ म्हणून निघून जातो. ज्यासाठी भांडण, त्याची किंमत ५० गुण. गंभीर जखमेचा तोटा १०० गुण. ससाणा पारव्याला भेटला तर ५० त्याचे, पारव्याला शून्य. दोन पारवे भेटले तर कधी एकाला मिळेल, कधी दुसऱ्याला, सरासरी २५. दोन ससाणे भिडले तर एकाला ५० आणि दुसऱ्याला उणे १००, म्हणजे सरासरी उणे २५.

आता सगळे पारवे असलेल्या वस्तीत एक ससाणा सोडा. त्याची चांदी, प्रत्येक वेळी ५०. पण ससाण्यांची संख्या वाढली की ते एकमेकांनाच भेटू लागतात, आणि तेव्हा उणे २५ मिळवण्यापेक्षा पारव्याचं शून्यही बरं. या आकड्यांना तोल जमतो तो निम्मे ससाणे, निम्मे पारवे असताना. तिथे दोघांनाही सरासरी साडेबाराच गुण मिळतात. सगळे पारवे राहिले असते तर २५ मिळाले असते! म्हणजे ही व्यवस्था जातीच्या भल्याची नाहीच. ती फक्त अशी आहे की एकट्यानं स्वभाव बदलून कुणाचा फायदा होत नाही. आणि तोटा किंमतीपेक्षा जितका जास्त, तितके ससाणे कमी. सुळे आणि नखं जितकी जीवघेणी, तितकं भिडणं महाग. वाघ हात आखडतो तो दयेपोटी नाही. जिंकलेल्या वाघाचाही पंजा निकामी झाला तर त्याची शिकार बंद, आणि त्याला आयतं आणून देणारं कुणी नसतं.

पण भिडल्याशिवाय कोण भारी हे कळणार कसं? इथे प्राण्यांनी एकाहून एक युक्त्या काढल्यात. मे-जूनमध्ये कुंपणाच्या भिंतीवर सरडा बघा. डोकं-गळा लालभडक, पुढचे पाय ताठ करून अंग वरखाली. समोर दुसरा नर असतो, तोही तेच करतो. बरेचदा चावाचावी न होताच एक जण उतरून जातो. (सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, पण ते कुंपण त्यानं मिळवलेलं असतं, हे म्हण पाडणाऱ्यानं लक्षात घेतलेलं दिसत नाही.) उन्हाळ्यात माजावर आलेले चितळ नरही आधी ओरडतात, मग मान ताठ ठेवून एकमेकांना जोखतात, शिंगं अडकतात ती त्यातूनही निकाल लागला नाही तर. स्कॉटलंडजवळच्या रम बेटावर लाल हरणांमध्ये हाच क्रम बारकाईनं नोंदवला गेला: डरकाळ्या, मग शेजारी-शेजारी चाल, मग लढत. बेडकांचंही तसंच. भसाडा, खालच्या पट्टीतला आवाज काढायला मोठं शरीर लागतं, त्यामुळे त्यात थाप मारता येत नाही.

दुसरी युक्ती त्याहून स्वस्त: जो आधीपासून तिथे आहे, जागा त्याची. ऑक्सफर्डजवळच्या जंगलात निक डेव्हिस यांनी १९७८च्या सुमारास एका फुलपाखरावर हे तपासलं. झाडांतून जमिनीवर पडणाऱ्या उन्हाच्या कवडशात नर बसतो. दुसरा आला तर दोघं गिरक्या घेत वर जातात आणि आलेला निघून जातो. डेव्हिसनी मालकाला पकडून ठेवलं, कवडसा दुसऱ्याला घेऊ दिला आणि मग पहिल्याला सोडलं. तर आता दुसरा जिंकला. दोघांनाही आपणच मालक वाटेल अशी गडबड करून दिली, तेव्हा मात्र गिरक्या कितीतरी लांबल्या. पुढे काहींनी असंही दाखवलं की उन्हात बसलेल्याचं अंग तापलेलं असतं, म्हणून तो जोरात उडतो. नागपूरच्या मे महिन्यात हा फायदा कुणाला मिळणार नाही, ते सोडा.

यासाठी जंगलात जायचीही गरज नाही. धंतोलीत, महालात, कुठल्याही जुन्या वस्तीत रात्री अकरानंतर गल्लीच्या तोंडाशी थांबा. या गल्लीची चार कुत्री चौकापर्यंत भुंकत धावतात आणि एखाद्या विजेच्या खांबापाशी अचानक थांबतात. पलीकडची तीन त्यांच्या बाजूला थांबलेली असतात. पाच मिनिटं आकांत, चावणं शून्य, मग खांबावर पाय वर करून सगळे परत. आणि खांबाच्या पुढे गेलेल्या कुत्र्याचा आवाज लगेच उतरतो, शेपूट खाली जाते. तेच कुत्रं दोन पावलं मागे आलं की पुन्हा शेर.

वाघाचा खांब म्हणजे झाडाचं खोड. शेपूट उभारून तो मागच्या बाजूला फवारा मारतो. रतनलाल ब्रह्मचारी यांनी आयुष्यभर या फवाऱ्याचा अभ्यास केला. तेही कोलकात्याच्या त्याच सांख्यिकी संस्थेतले. बासमतीला सुवास देणारं टू-ॲसिटिल-वन-पायरोलीन हे रसायन त्यांना आणि सहकाऱ्यांना वाघाच्या फवाऱ्यातही सापडलं. त्यातले स्निग्ध पदार्थ वास धरून ठेवतात, म्हणून मालक दूर असला तरी त्याची पाटी कित्येक दिवस लागलेली राहते. नवखा नर ती वाचतो आणि पुढे सरकतो. नागझिऱ्याचा जय नावाचा वाघ २०१३ मध्ये चालत उमरेड-कऱ्हांडल्यात आला. टिपेश्वरहून निघालेला रेडिओ कॉलरचा नर २०१९ मध्ये हजाराहून जास्त किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. एवढी पायपीट त्याच हिशेबाची: दुसऱ्याच्या घरात भिडण्यापेक्षा रिकामं घर शोधणं स्वस्त.

मग वाघ मरतात ते कधी? मेनार्ड स्मिथच्या गणितात किंमत तोट्याहून मोठी झाली की पारवे संपतात, सगळे ससाणे होतात. याचं सर्वांत टोकाचं उदाहरण उंबर-वडाच्या कुळातल्या फळांत आहे. या फळांत वाढणाऱ्या काही गांधीलकिड्यांच्या नरांना पंखच नसतात. जन्मले त्याच फळात मरणार, माद्याही तिथेच. आज माघार घेऊन उद्यासाठी जीव वाचवायचा, तर उद्या आहे कुठे? हे नर मोठाल्या जबड्यांनी एकमेकांची मुंडकी उडवतात. विल्यम हॅमिल्टन यांनी ब्राझीलमधल्या अशा फळांतल्या या कत्तलीचं वर्णन १९७९ साली केलं.

वाघाला पंख नसले तरी पाय आहेत, पण पायांना वाट लागते. विदर्भात वाढत्या नरांसमोर महामार्ग, कालवे, तारांची कुंपणं आणि भरगच्च शेती आहे. पुढे सरकायला जागा नसलेला तरुण नर आणि हद्द गेली तर सगळंच गेलं असा म्हातारा नर, हे दोघं समोरासमोर आले की हिशेब बदलतो. म्हणून नागपूर-शिवनी महामार्गावर पेंचच्या पट्ट्यात बांधलेले प्राण्यांसाठीचे भुयारी मार्ग मला अपघात टाळण्यापेक्षाही या कारणासाठी महत्त्वाचे वाटतात. कॅमेऱ्यांत तिथून जाणारे वाघ टिपले गेलेत. माघारीची वाट सिमेंटमध्ये बांधता येते, हे कमी नाही.

उलटं काम माणूस करतो ते बघायचं तर पूर्व विदर्भातला कोंबडबाजार, म्हणजे कोंबड्यांच्या झुंजी. कायद्यानं बंदी असूनही गडचिरोली-चंद्रपूरकडे पोलिसांच्या धाडींच्या बातम्या येतच असतात. कोंबडा मुळात भांडखोर, पण त्याचं भांडण मर्यादेतलं. कोण कुणाला टोचणार याची उतरंड कोंबड्यांत एकदा ठरली की भांडणं कमी होतात, हे नॉर्वेच्या श्येल्डरुप-एब्ब यांनी १९२०च्या दशकातच लिहून ठेवलंय. अंगणात दोन कोंबडे चार उड्या मारतात, एक मान खाली घालून पळतो, विषय संपला. बाजारात पायाला लोखंडी काती बांधतात आणि भोवती माणसांचं रिंगण असतं. पहिल्याच उडीत खोल जखम होते, म्हणजे समोरच्याला जोखायला वेळच उरत नाही; आणि पळणाऱ्याला पकडून पुन्हा समोर उभं करतात, म्हणजे पारवा व्हायची सोयही काढून घेतलेली. त्यावर पैसे लावणारा मात्र ‘कोंबड्याची जातच खुनशी’ असं ठामपणे सांगतो.