बेळगावच्या हवेत रीफ टँक

रीफ टँक म्हणजे जिवंत प्रवाळ (पोवळी) आणि मासे ठेवायची खाऱ्या पाण्याची काचेची पेटी. तिच्याविषयी आपल्यापर्यंत पोचणारा बहुतेक सल्ला मुंबई, चेन्नई, कोचीकडच्या लोकांचा असतो. तो चुकीचा नसतो, पण समुद्रसपाटीवरच्या दमट हवेत तयार झालेला असतो. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर आहे आणि मार्च-एप्रिलात इथली दुपार कोरडी ठणठणीत असते. या दोन गोष्टींनी टँकच्या पाण्याचं सगळं गणित बदलतं. म्हणून टिळकवाडी-शहापुरातला असो की निपाणी-खानापूरचा, कुणी नवा हौशी माणूस "चिलर (पाणी गार करणारं यंत्र) कुठला घेऊ?" असं विचारतो, तेव्हा मला आधी पंख्याबद्दल बोलावंसं वाटतं.

पण मुळात अंशा-दोन अंशांची एवढी चिंता का करायची? प्रवाळ हा प्राणी आहे आणि त्याच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं. हे शैवाल प्रकाशावर साखर बनवतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. पाणी जास्त तापलं की शैवालाची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते आणि त्यातून पेशींना घातक अशी ऑक्सिजनची संयुगं तयार होऊ लागतात. मग प्रवाळ आपल्या पोशिंद्यालाच बाहेर टाकतो. अंग पारदर्शक, त्यामुळे आतला चुन्याचा सांगाडा पांढराफटक दिसू लागतो. यालाच विरंजन म्हणतात. त्या क्षणी प्रवाळ मेलेला नसतो, पण उपाशी असतो. १९९८ मध्ये लक्षद्वीपच्या प्रवाळांचं असंच झालं. एप्रिल २०२४ मध्ये तर शास्त्रज्ञांनी जागतिक पातळीवरची चौथी विरंजन लाट जाहीर केली.

समुद्रावर लक्ष ठेवणारे शास्त्रज्ञ उष्णता मोजताना एक सुंदर युक्ती वापरतात. एखाद्या ठिकाणच्या सर्वांत उष्ण महिन्याची सरासरी घ्यायची, पाणी तिच्या वर किमान एक अंश गेलं की मोजणी सुरू करायची आणि गेल्या १२ आठवड्यांतला हा जादा ताप साठवत जायचा. एक अंश जादा चार आठवडे टिकला, किंवा दोन अंश दोन आठवडे, तरी बेरीज चारच. चारच्या आसपास विरंजन दिसू लागतं आणि आठच्या पुढे प्रवाळ मरू लागतात. हे आकडे खुल्या समुद्राचे आहेत, घरातल्या काचेच्या पेटीला जसेच्या तसे लागू होत नाहीत. तत्त्व मात्र लागू होतं: एका दुपारी पाणी २९ अंशांवर गेलं म्हणून घाबरून जाऊ नये, पण रोज दुपारी ते तिथे जात असेल तर दुर्लक्ष करू नये. टँक २५ ते २७ अंशांत असावा आणि दिवस-रात्रीचा फरक शक्यतो एका अंशाच्या आत राहावा.

आता पंखा. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता जाते. २०० लिटर खारं पाणी एका अंशाने गार करायला साधारण ८०० किलोज्यूल काढावे लागतात. म्हणजे लिटरभर पाणी उडालं की तीन अंशांची गारवट मिळाली, अर्थात मधल्या वेळात बाहेरून उष्णता आली नाही तर. ती येतेच. टँकमधला ३० वॉटचा पंप चोवीस तास चालला तर जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन पाण्यातच उतरते, आणि ती घालवायलाच रोज एक लिटरपेक्षा थोडं जास्त पाणी उडावं लागतं. एवढं एक गणित मनात बसलं की बाकीचे निर्णय सोपे होतात.

उन्हाळ्यात माठातलं पाणी गार होतं ते याच नियमाने, आणि माठाची मर्यादा टँकलाही आहे. बाष्पीभवनाने पाणी एका ठरावीक तापमानाखाली जाऊच शकत नाही, आणि ते तापमान हवेतल्या ओलाव्यावर ठरतं. किनाऱ्यावर हवा ३३ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के असेल तर ही सीमा २७ अंशांच्या आसपास येते. तिथे पंखा कितीही फिरवा, टँकच्या कामाचा गारवा मिळत नाही. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी हवा ३६ अंश पण आर्द्रता २५ टक्के असेल, तर सीमा २१-२२ अंशांवर उतरते. पारा जास्त असूनही पंख्याला वाव जास्त. टँकचं काचेचं झाकण काढून जाळी बसवावी (मासे उड्या मारतात), छोटा पंखा पाण्यावरून तिरका वारा जाईल असा लावावा आणि खोलीची खिडकी उघडी ठेवावी, नाहीतर ओलावा खोलीतच कोंडतो.

उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागे राहतं. ३५ क्षारतेच्या (म्हणजे किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार असलेल्या) २०० लिटरमधून चार लिटर उडाले की क्षारता ३५.७ होते, आणि आठवडाभर तसंच सोडलं तर प्रवाळांना उन्हाइतकाच त्याचा त्रास होतो. भर घालायची ती आरओच्या गोड्या पाण्याची, खाऱ्या पाण्याची नव्हे. रोज थोडी थोडी घालावी; पातळी उतरली की पाणी सोडणारा फ्लोट लावून आपोआप होत असेल तर उत्तमच.

खरी कसोटी लागते मेमध्ये वळीव पडून गेल्यावर. हवा दमट झालेली, स्लॅब तापलेला, वरच्या मजल्यावरची खोली रात्री दहालाही निवत नाही. मंगळुरी कौलांच्या जुन्या घरांत हा त्रास कमी जाणवतो. या दिवसांत एलईडीची तीव्रता कमी करावी आणि दिवे दुपारऐवजी संध्याकाळनंतर चालवावेत, कारण प्रवाळाला इजा होते ती उष्णता आणि प्रखर प्रकाश यांच्या जोडीने. बर्फ टाकायचाच तर बंद बाटलीतून. एक लिटरची गोठलेली बाटली २०० लिटर टँक जेमतेम अर्धा अंश उतरवते, त्यामुळे एका बाटलीने धक्का बसत नाही. चार एकदम टाकल्या तर बसतो. एवढं करूनही पाणी २८च्या खाली येत नसेल तेव्हा चिलर घ्यावा आणि तो कॅबिनेटमध्ये कोंडू नये. फ्रिजसारखा तोही आतली उष्णता बाहेर फेकतो, ती खोलीबाहेर जायला वाट हवी.

एक गोष्ट स्पष्टच सांगतो. चोर्ला घाट उतरला की समुद्र, मालवण आणि मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेटही फार लांब नाही. तिथला प्रवाळाचा तुकडासुद्धा उचलू नये. आपल्या समुद्रातले खडक बांधणारे प्रवाळ १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि वर सांगितलेला ताप ते आधीच सोसत आहेत.

डिसेंबर-जानेवारीत प्रश्न उलटा होतो. रात्री बाहेर १३-१४ अंश असताना हीटर लागतोच. लिटरला एक वॉट हा ढोबळ हिशेब चालतो, पण २०० वॉटच्या एका हीटरपेक्षा १०० वॉटचे दोन घ्यावेत. थर्मोस्टॅट चालू अवस्थेत अडकला तर एकटा छोटा हीटर टँक उकडायला बराच वेळ घेतो आणि तोवर आपल्या लक्षात येतं. पंखा २७ला सुरू, हीटर २५ला सुरू, असं दोघांमध्ये अंतर ठेवावं. नाहीतर एक तापवतो आणि दुसरा निववतो, बिल आपल्याला.

वीज गेली की लोक तापमापकाकडे धावतात. पण २०० लिटर पाणी तासा-दोन तासांत फारसं बदलत नाही. आधी कमी पडतो तो ऑक्सिजन. गरम पाण्यात तो कमी विरघळतो, त्यात ७५० मीटरवर हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी कमी, म्हणून तेवढाच ऑक्सिजनही कमी. त्यामुळे इन्व्हर्टरवर पहिली जोडणी वेव्हमेकरची (पाणी घुसळत ठेवणाऱ्या पंपाची) किंवा एअर पंपाची, दुसरी पंख्याची. हीटर त्यावर जोडूच नये. तो बॅटरी खाऊन टाकतो, आणि थंडीत टँकभोवती जाड चादर गुंडाळली तरी काही तास निभावतं.